डाव्या हाताची वीण

तार आली तेव्हा आमच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि मजल्यावरच्या बायका जमिनीवर बसून क्रोशाचं विणकाम शिकत होत्या. माझी बायको सुगंधा गावी गेली होती. तिची आई आजारी होती म्हणून ती कुडाळकडे गेली, त्याला महिना होत आला होता. जाताना ती शेजारच्या शकुला सांगून गेली होती, "टीव्हीवरचा टेबलक्लॉथचा शेवटचा भाग नीट बघून ठेव. मी आले की मला दाखव." त्या दिवशी तोच शेवटचा भाग होता.

तारवाला माझं नाव विचारत वर आला. मी सही केली. तार इंग्रजीत होती म्हणून मुलीच्या, अनुपमाच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाबा, आई गेली."

आजारी माझी सासू होती. मला वाटलं, अनुपमा सुगंधाच्या आईबद्दल सांगतेय. मी म्हणालो, "सुटली बिचारी. खूप हाल झाले."

अनुपमा म्हणाली, "आजी नाही, बाबा. आपली आई."

शकु उठून तिच्याजवळ गेली. बाकीच्या बायकाही उठल्या. टीव्ही कोणी बंद केला नाही. टीव्हीतली बाई शेवटपर्यंत विणत राहिली, मग बातम्या लागल्या. मी समोरच बसलो होतो आणि माझे डोळे टीव्हीकडेच होते. मला विणकामातलं काही कळत नाही. ज्यांना कळत होतं त्यांची पाठ टीव्हीकडे होती.

सुगंधाला ताप आला होता. आईची सेवा करताना तिने तो अंगावर काढला, मग तो डोक्यात गेला आणि गावात गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. मी रात्रीच्या एसटीने गेलो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माझी सासू अंथरुणावर होती. ती मला म्हणाली, "माझं बोलावणं आलं होतं, तीच पुढे गेली."

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहतो. गिरणी बंद पडल्यावर मी विक्रोळीला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागलो. टीव्ही सुगंधाच्या भावाचा. तो आखातात गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला. आमच्या मजल्यावर तेव्हा तो एकच होता, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी बायकांचा कार्यक्रम लागला की आमची खोली भरायची. कार्यक्रमात थोडा वेळ विणकाम असायचं. एका आठवड्याला क्रोशा, एका आठवड्याला लोकरीचं. लोकरीच्या आठवड्याला गर्दी कमी. शकु म्हणायची, "मुंबईत स्वेटर घालून काय, घामाच्या बादल्या भरायच्यात?"

क्रोशा शिकवणाऱ्या नलिनीबाई कॅमेऱ्याकडे तोंड करून बसायच्या. त्यामुळे त्यांचा सुईचा हात पडद्यावर आपल्या डाव्या बाजूला दिसायचा. बायकांना सगळं उलटं व्हायचं. एरवी शिकवणारीच्या शेजारी बसून तिच्यासारखा हात चालवायचा असतो. टीव्हीतल्या बाईच्या शेजारी कसं बसणार? एका बुधवारी शकुने घरून आरसा आणला. सगळ्या टीव्हीकडे पाठ करून बसल्या आणि एकेक जण आरसा धरून बघायला लागली. कोणाला आरशात बल्ब दिसायचा, कोणाला स्वतःचं नाक. वनमालाकाकूंची मान आखडली.

सुगंधा मागे स्टोव्हजवळ बसून सगळं बघत होती. कार्यक्रम संपला तेव्हा तिच्या हातात तोच नमुना तयार होता.

"कसा केलास गं?" शकुने विचारलं.

"दाखवलान तसाच."

सुगंधा डावरी होती. जेवायला आणि देवाला उजवा हात, तेवढं तिच्या आईने मारून मारून शिकवलं होतं. बाकी सगळं डाव्याने. टीव्हीतली बाई तिच्यासमोर बसलेली असली तरी तिला आपलाच हात बघितल्यासारखं व्हायचं. आणि उजव्या हाताच्या बायका सुगंधाच्या समोर बसल्या की त्यांनाही तसंच. त्या दिवसापासून बसण्याची पद्धत ठरली. सुगंधा स्टुलावर, तोंड टीव्हीकडे. बायका तिच्यासमोर जमिनीवर, पाठ टीव्हीकडे. ती वर बघून टाका घालायची आणि बाकीच्या तिच्याकडे बघून.

"काय उपयोग ह्या टीव्हीचा," शकु म्हणायची. "चार महिने झाले, मी नुसतं हिचं थोबाड बघतेय. भावोजी, बंदच करून टाका तो डबा."

"मग हिला कोण शिकवणार?" मी म्हणायचो.

"हिच्यापुरता एक छोटा आणा. चष्म्यात बसेल असा."

सुगंधा मान वर न करता म्हणायची, "तोंड बंद, हात चालू. खांब चुकलीस तू."

खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. साखळी, खांब, मुका खांब हे शब्द मी रोज ऐकत होतो म्हणून मला माहीत.

त्या वर्षी नलिनीबाई एक मोठा गोल टेबलक्लॉथ शिकवत होत्या. मधून सुरुवात करायची आणि फेरीवर फेरी घालत बाहेर जायचं. त्यात अननसाचे आकार. दर वेळी थोड्या फेऱ्या दाखवायच्या. सगळ्याच बायका तो करत होत्या, पण सुगंधा अनुपमाच्या रुखवतासाठी करत होती. अनुपमाचं लग्न मुलुंडला ठरलं होतं. आमच्याकडे द्यायला फार काही नव्हतं. सुगंधा म्हणायची, "रुखवताच्या टेबलावर मधोमध हा पसरायचा. वर काय ठेवायचं नाही. लोकांनी हाच बघितला पाहिजे."

रुखवताच्या कामात ती गाठ मारत नसे. गुंडा संपत आला की नव्या दोऱ्याचं टोक जुन्याबरोबर धरून पुढे विणायची. गाठ मारली तर मुलीच्या संसारात गाठ पडते, असं तिची आजी सांगायची. बाकीच्या बायकांनीही ते उचललं. आमच्या मजल्यावर कोणाच्याही टेबलक्लॉथमध्ये गाठ सापडणार नाही.

गावी जाताना तिने टेबलक्लॉथ घरीच ठेवला. तिकडे चुलीचा धूर, पांढरा दोरा काळा पडेल, म्हणाली. दिवसकार्य करून मी परत आलो तेव्हा तो उशीच्या अभ्ऱ्यात होता. शेवटचा टाका उसवू नये म्हणून त्यात तिने सेफ्टी पिन अडकवली होती. शेवटच्या काही फेऱ्या आणि कड राहिली होती.

माझा मोठा भाऊ राजाराम म्हणाला, "मुलीची आई गेलीय. लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा." मुलुंडचे लोक तीन वर्षं थांबणारे नव्हते. तारीख धरली. घरात करण्यासारखं बरंच होतं, पण माझ्या डोक्यात एकच होतं. टेबलक्लॉथ पुरा झाला पाहिजे. तिने मुलीसाठी मागे ठेवलेलं दुसरं काही नव्हतं.

मी शकुला विचारलं. शकु रडायला लागली.

"भावोजी, मी तो भाग बघितलाच नाही. माझ्यावर सोपवून गेली होती ती, आणि मी एक टाका बघितला नाही."

"कोणीच नाही बघितला," मी म्हणालो.

सगळ्यांचेच टेबलक्लॉथ तिथे अडकले होते. वनमालाकाकू म्हणाल्या की त्यांच्या अंदाजाने कड अशी असेल. शकु म्हणाली तशी नसेल. दोघींनी करून बघितलं. एकीची कड चुणली, दुसरीची भांड्याच्या काठासारखी उभी राहिली. बायकांनी कार्यक्रमाला पत्र पाठवलं की शेवटचा भाग परत दाखवा. पुढे एका बुधवारी निवेदिका म्हणाली की घाटकोपरच्या भगिनींचं पत्र मिळालं, आवडलं, आणि आता आपण बाळाचे मोजे शिकणार आहोत.

"आवडलं म्हणे," शकु म्हणाली. "शिव्या घालायला हव्या होत्या."

शेवटी शकुच्या नवऱ्याने ओळखीतून नलिनीबाईंचा पत्ता काढला. त्या अंधेरीला राहायच्या. रविवारी मी आणि शकु गेलो. टीव्हीत दिसायच्या त्यापेक्षा त्या वयाने जास्त होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. शकुने आपलं विणकाम काढलं. नलिनीबाईंनी तिला शेजारी बसवलं आणि कड दाखवली. शकुला ती लगेच जमली.

"इतकं सोपं होतं," शकु म्हणाली.

"शेजारी बसलं की सोपंच," नलिनीबाई म्हणाल्या. "मी टीव्हीवाल्यांना म्हटलं होतं, कॅमेरा माझ्या खांद्यामागे लावा. ते म्हणाले, बाई, लोकांना तुमचा चेहरा दिसायला नको का? पत्रांवर पत्रं येतात मला. तुमचं सगळं उलटं येतं म्हणून. एका बाईंनी लिहिलं, नवरा विचारतो हे टेबलाचं आहे का टोपी."

शकुने त्यांना आमच्याकडची बसण्याची पद्धत सांगितली. त्या खूप हसल्या. "म्हणजे तुमच्यातलं कोणीच मला बघत नव्हतं?" मग त्यांनी विचारलं, "त्या नाही आल्या?"

मी सांगितलं. मी अभ्ऱ्यातून सुगंधाचा टेबलक्लॉथ काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ लावला. मग म्हणाल्या, "काम फार सुरेख आहे. पण माझ्याकडून नाही होणार."

"का?"

"त्या डावऱ्या होत्या. त्यांच्या फेऱ्या एकीकडे जातात, माझ्या दुसरीकडे. मला पुढे विणायचं तर हा उलटा करून विणायला लागेल. मग माझ्या फेऱ्यांची मागची बाजू वर येईल. बघणाऱ्याला लगेच कळेल की इथून पुढे कोणी दुसरंच आहे. डावरी बाई शोधा. तीच करू शकेल."

मी म्हटलं, शोधतो. त्या वेळी ते मला कठीण वाटलं नव्हतं.

डावरी बाई मिळत नाही. मी आमच्या वाडीत विचारलं, कंपनीत विचारलं, बायकांनी आपापल्या माहेरी विचारलं. डाव्या हाताची बाई म्हटलं की लोक आधी हसायचे. लहानपणी डावी होती अशा बऱ्याच निघाल्या. सगळ्यांचे हात घरच्यांनी बदलून घेतले होते. कोणाचा हात बांधून ठेवला होता, कोणाला चटका दिला होता. एक म्हातारी मला म्हणाली, "तुमच्या सासूने अर्धंच काम केलं म्हणून तुमच्या बायकोचा हात राहिला."

कंपनीतला भाऊराव म्हणाला, "आमची प्रेमा डावी होती. क्रोशा पण येतो तिला. उजव्या हाताने करते, पण डावा मूळचाच की. घेऊन या ते कापड."

ते कुर्ल्याला राहायचे. मी अनुपमाला घेऊन गेलो. प्रेमावहिनी चांगली बाई. तिने हात धुऊन पुसले, अभ्ऱ्याला नमस्कार केला आणि सुई डाव्या हातात घेतली. आधी वेगळ्या दोऱ्यावर साखळी घालून बघायची म्हणाली. सुई नुसती दोऱ्यात अडकत राहिली. दोन-तीन टाके पडले ते कुठे सैल, कुठे आवळलेले. ती परत परत करत राहिली. भाऊराव म्हणाला, "अगं, लहानपणी याच हाताने चिंचा पाडायचीस ना?"

"चिंचा पाडायला टाका लागत नाही," ती म्हणाली. मग तिने सुई खाली ठेवली. "भाऊ, हा हात आता माझा राहिला नाही. उगाच तुमचं काम नासेल."

परत येताना अनुपमा म्हणाली, "बाबा, पुरे आता. आहे तसाच राहू दे. अभ्ऱ्यात ठेवू."

"अर्धं काम रुखवतात मांडायचं नसतं."

"मग नको मांडायला."

"तुझी आई काय म्हणाली असती?"

"तुम्हाला माहितेय का काय म्हणाली असती?" ती म्हणाली. "मला माहीत नाही. मला एवढंच माहितेय की तिने शिकवते म्हटलं तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला गेले."



लग्न जवळ आलं. मी पत्रिका, हॉल, गावची माणसं यांत अडकलो. एका संध्याकाळी कामावरून आलो तर शकु आमच्या खोलीत बसली होती. चेहरा उजळलेला. मांडीवर टेबलक्लॉथ.

"भावोजी, मी केला. रोज तुम्ही कामावर गेलात आणि अनुपमा ऑफिसला गेली की बसत होते. किल्ली होतीच माझ्याकडे. कडेपर्यंत आणलाय. कड आज घालते."

तिने तो उलटा करून विणला होता. नलिनीबाई म्हणाल्या होत्या तसंच दिसत होतं. सुगंधाच्या फेऱ्या संपतात तिथे एक रेघ पडल्यासारखी झाली होती आणि त्याच्यापुढचं सगळं खरबरीत, मागच्या बाजूचं. मला तरीही बरं वाटलं. पुरा होत आला होता. लांबून कोणाला कळलं नसतं.

अनुपमा ऑफिसमधून आली. पर्स न उतरवता तिने तो उचलला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं गं," शकु म्हणाली. "तुझ्या लग्नात—"

"कोणी सांगितलं होतं, मावशी?"

"सांगायला कशाला पाहिजे? सुगंधा माझी कोणी नव्हती?"

"मुलुंडच्या बायका पहिलं काय बोलतील सांगू? आईने अर्धा सुलटा विणला आणि अर्धा उलटा. सगळं घर बघायला येणार, आणि आईला नावं ठेवणार."

"मग सांगू की मी विणला."

"सगळ्यांना दारात उभी राहून सांगणार आहेस?"

शकु उठली आणि निघून गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

मी अनुपमाला म्हणालो, "असं नको होतं बोलायला."

"उद्या माफी मागते," ती म्हणाली. "पण हे काढणार." ती खाली बसली आणि शेवटचा टाका सोडवून दोरा ओढायला लागली. क्रोशा उसवायला काही करावं लागत नाही. टोक ओढलं की फेरी सरळ दोरा होऊन हातात येते. शकुने किती दिवस घालवले होते कोण जाणे, ते चहा होईपर्यंत निघालं. अनुपमा चिडलेली होती आणि भरभर ओढत होती. मी चहा गाळत होतो.

मग ती एकदम थांबली. मी वळून बघितलं. ती दोऱ्याकडे बघत होती.

शकुने गाठ मारली नव्हती. रुखवताचं काम म्हणून तिने सुगंधाच्या शेवटच्या टाक्यातली पिन काढली आणि त्यातूनच पुढे विणलं होतं. तो दोरा कुठेच तुटत नव्हता. शकुचं संपलं तिथे काही अडकलं नाही. दोरा येत राहिला आणि अनुपमा ओढत राहिली. अननसांच्या वरच्या टोकांची सुगंधाची फेरी निघून गेली होती. दुसरीही अर्धी गेली होती.

"बाबा, ही आईची होती ना?" अनुपमाने विचारलं.

मी हो म्हणालो.

तिने दोरा तसाच हातात धरून ठेवला. सोडला असता तर आणखी उसवला असता असं तिला वाटत होतं. मी पिन शोधली. ती सापडेना, तेव्हा शकुचं दार वाजवलं. शकु आली, तिने बघितलं आणि आपल्या ब्लाउजची पिन काढून त्या टाक्यात अडकवली. अनुपमाने तिच्या पाठीवर डोकं ठेवलं. चहा कोणी घेतला नाही.

उसवलेल्या दोऱ्याला वळ्या पडल्या होत्या. जिथे जिथे टाका होता तिथे तिथे तो वाकला होता. शकु म्हणाली, ओल्या फडक्यात ठेवला तर सरळ होईल. मी म्हटलं, नको, राहू दे.

लग्न झालं. मी विधुर, म्हणून कन्यादानाला राजाराम आणि वहिनी बसले. मी बाजूला खुर्चीवर होतो. रुखवतात बायकांनी आपापले टेबलक्लॉथ मांडले होते. शकुचा मधोमध होता आणि त्याची कड नलिनीबाईंनी शिकवली तशी होती. मुलुंडच्या बायकांनी हात लावून बघितला. एकीने विचारलं, "हा मुलीच्या आईने केला का?" शकु म्हणाली, "नाही, मी केला. पण तिनेच शिकवला." ती बाई पुढच्या ताटाकडे गेली.

अनुपमा आता महिन्या-दोन महिन्यांनी येते. मागच्या वेळी आली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, आईचा टेबलक्लॉथ मी घेऊन जाऊ का?" मी म्हटलं, ने. जाताना ती न्यायची विसरली, किंवा तिने नेला नाही. मी आठवण केली नाही. बुधवारी बायका आता येत नाहीत. शकुकडे स्वतःचा टीव्ही आला आहे. माझा मी लावतो, बातम्यांपुरता. डावरी बाई कोणी असेल तर कळवा, असं मी अजून भेटेल त्याला सांगतो. कोणी कळवलेलं नाही.

टेबलक्लॉथ कपाटात आहे. शेवटच्या फेऱ्या आणि कड व्हायची राहिली आहे.